ह्या बाईला कुणी चहा दिला नाही काय?

टिळकवाडी, बेळगाव
आषाढातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझी वृद्धाश्रमावरची कविता पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण ती आधी इथल्या वृद्धाश्रमातल्या आत्याला वाचून दाखवायची होती. गेल्या रविवारी दाखवली. फाटकाकडे डोळे लावून बसलेली आई, न येणारा मुलगा, विझत आलेली पणती. आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्या बाईला कुणी चहा दिला नाही काय रे?"

"साडेतीनला देतात की," शेजारच्या कॉटवरून आवाज आला.

हसलो खरा, पण ते डोक्यातून जाईना. तुझ्या कवितेत चहा नाही, गोळ्यांची डबी नाही, गरम पाण्याचा नंबर नाही. इथं पहाटे पाचला अंघोळीला उठवतात, का तर रात्रपाळीच्या बाईला सहाला सुटायचं असतं. माझं त्यावरून दोनदा भांडण झालं, उपयोग शून्य. आणि न येणारा मुलगा म्हणशील, तर आत्याला मूलबाळच नाही. शाळेची पेन्शन आहे, खानापूरच्या घराला कुलूप आहे. "मी स्वतः सही करून आलो की इथं," ती म्हणते. (तिचं 'आलो' तुला आठवत असेल. पुण्याच्या बायकांचं 'आले' तिला अजून नाटकी वाटतं.)

तिला सलतं ते वेगळंच. जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला खुबा मोडल्यापासून मॅक्सी घालावी लागते. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून गळ्याच्या मागं लाल दोऱ्यानं १७ आकडा घातलाय. मान वाकवून तिनं तो मला दाखवला. मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाली, "टाका बघ, उलटा घातलाय. मी असतो तर उसवायला लावलो असतो." चाळीस वर्षं पोरींना शिवण शिकवलेली बाई ती.

आपली गोची 'नटसम्राट'नं केली असं मला वाटतं. १९७० साली शिरवाडकरांनी बेलवलकरांना रंगभूमीवर आणलं, आणि तेव्हापासून मराठीतला प्रत्येक म्हातारा आपल्याला वादळातच उभा दिसतो. वास्तविक त्या नाटकात वृद्धाश्रम नाहीच. तुझा लाडका इंग्रज कवी लार्किन बघ. 'द ओल्ड फूल्स' त्यानं १९७३ मध्ये, पन्नाशीत लिहिली. कविता क्रूर आहे, गळणारी लाळसुद्धा सोडत नाही. पण त्यातच तो म्हणतो, म्हातारपण म्हणजे कदाचित डोक्यात दिवे लागलेल्या खोल्या, आणि त्यांत वावरणारी माणसं. ते वाचलं आणि मला आत्याची दुपार कळली. दोन ते साडेतीन ती मनानं खानापूरच्या माजघरात असते, तेव्हा हाक मारायची नाही. लार्किन स्वतः १९८५ मध्ये गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. त्या खोल्यांपर्यंत बिचारा पोचलाच नाही.

पण आत्याला लार्किनचं काय! तिच्या इंदिराबाई संत. त्या बेळगावातच राहिल्या, म्हणून तिला घरच्या वाटतात. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, पण 'नको नको रे पावसा' अख्खी पाठ. परवा पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या तशी तिनं सुरुवात केली. त्या कवितेतली बाई पावसाला विचारते, छप्पर गळायला लागलं तर खाली ठेवायला भांडी कुठून आणू? आत्या तिथं थांबली, आणि कॉटशेजारच्या स्टुलावर तिची नजर गेली. तिथं एक स्टीलचा पेला आणि कवळीची वाटी. "दोनच आहेत," म्हणाली, आणि पुढं चालू. आपण एकाकी आहोत असं त्या कवितेत कुठंच म्हटलेलं नाही बघ. नुसती भांडी मोजलीयत.

तेवढ्यात आया ताट घेऊन आली. "अज्जी, ऊटा माडरी," म्हणजे कानडीत 'आजी, जेवून घ्या'. आत्यानं तिला हातानंच थांबवलं आणि नेसूच्या जुनेराची ओळ पुरी केली. आया ताट धरून उभी. तिला मराठी फारसं येत नाही, पण ऐकत होती.

तेव्हा तुझी कविता मी फेकलेली नाही. पण तू एकदा इकडं ये, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसू नकोस, कॉटवर बस. निदान साडेतीनपर्यंत. येताना साधा कुंदा आण, थोडाच. साखर वाढलीय तिची, पण ऐकते कुठं?

आणि आत्याचा निरोप: पुढची कविता पाठवशील तेव्हा अक्षर मोठं काढ. तिला स्वतः वाचायचीय.

तुझा,
खानापूरचा बाकसोबती