तिसरं पत्र

प्रिय चिऊ,

फोन केला असता तर पुन्हा रविवारसारखंच झालं असतं, म्हणून लिहितोय. ‘चार वर्षं पाण्यात घातलीस’ हे वाक्य मी मागे घेतो. तुझी आई म्हणते, मागे घेतलेलं वाक्य जातं कुठे, घरातच राहतं. असेल.

भाषाशास्त्राच्या प्रवेशअर्जासोबत ‘मला हे का शिकायचंय’ ते सांगायचं निवेदन, म्हणजे तुझ्या एसओपीचा मसुदा, दोनदा वाचला. त्या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण अर्ज वाचण्यात नोकरी गेली माझी. पहिलंच वाक्य खटकलं: ‘सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये माझं मन कधीच रमलं नाही.’ अगं, वाचणारा लगेच म्हणेल, उद्या हिचं मन इथूनही उडालं तर? सोडलंस त्याचं रडगाणं कशाला? सोबत काय नेतेस ते लिही ना. शेवटच्या वर्षी इमारतींच्या कंपनांवर प्रोजेक्ट केलास तेव्हा तूच मला समजावलं होतंस, की घशापासून ओठांपर्यंतची नळीसुद्धा अशीच घुमते. मोठ्या पुरुषाची साधारण १७ सेंटिमीटर, एका टोकाला बंद, म्हणून अंदाजे ५००, १५००, २५०० हर्ट्झला. जीभ हलली की हे आकडे सरकतात आणि ‘अ’चा ‘ई’ होतो. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी विषय बदलत नाहीये, त्याच विषयात दुसऱ्या दाराने शिरतेय. आणि मसुद्यात यातलं एक अक्षर नाही! आहे काय, तर ‘भाषांची आवड’. तीन वेळा.

आणि ते तिसरं पत्र. दोन शिफारसपत्रं कॉलेजचे सर देतील. तिसरं कोण देणार? त्या विषयात तुला ओळखणारं आहे कोण? बापाचं चालत नाही. हे मी काढणारच नव्हतो.

काल माळ्यावरची निळी वही सापडली. तू सहा वर्षांची असशील. आरशासमोर उभी राहून ‘माझा, माझी, माझा, माझी’ चाललं होतं. ‘बाबा, अक्षर तर एकच आहे. मग माझाला जीभ दातांशी जाते आणि माझीला वर का चिकटते?’ मी म्हणालो, बस येईल, बूट घाल. बुटाची नाडी बांधताना तू ‘चमचा, चमचे’वर गेलीस. आजी तेवढी म्हणाली, ‘पुढे ई आली की झ नरमतो गं.’ ते वहीत लिहिलेलं आहे, उलट्या ‘झ’सकट. मी वही घेऊन बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसलो होतो.

दादाने मला बेंजामिन ली व्होर्फबद्दल वाचायला दिलं. १९१८ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअर झाला, विमा कंपनीत आगी कशा टाळाव्यात ते बघायचा, आणि पुढे येल विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांच्या वर्गात जाऊन बसला. त्याने ती विम्याची नोकरी शेवटपर्यंत सोडली नाही, हे मी सांगणार नव्हतो. पण तू शोधून काढशीलच.

मला भीती पैशाची नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी बदली हिशेबातून कॉम्प्युटर विभागात झाली, आठवतं? शेजारी बावीस वर्षांची पोरं. तीन महिने मी एक प्रश्न विचारला नाही, लाजेने. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसायचो. तू तशी एकटी बसू नयेस, एवढंच आहे माझं. वर्गातल्या बाकीच्यांनी जे चार वर्षांत केलंय ते तुला पहिल्याच वर्षी भरून काढायचंय. काही विभाग अशांना आधी पायाचे कोर्स करायला लावतात, काही घेतच नाहीत. फी भरण्याआधी प्रत्येकाला मेल करून विचार. आणि नाही विचारलंस तर मग… बघ, सुरू झालं माझं. माफ कर.

एक सुचलं ते सांगतो, पटलं तर घे. ध्वनिविज्ञानाचा तो ऑनलाइन कोर्स घेणाऱ्या बाईंनी तुझी एकच असाइनमेंट पाहिली आहे. तेवढ्यावर त्या बिचाऱ्या तिसरं पत्र काय लिहिणार? आजीच्या आवाजाच्या कॅसेट काकाकडे आहेत. त्यातल्या ‘माझा’ आणि ‘माझी’मधल्या ‘झ’चा फरक मोजून काढ, दहाबारा पानं लिही, आणि बाईंना दाखव. लेखनाचा नमुना मागतात तिथेही तेच जोडता येईल.

मसुद्यावर पेन्सिलने खुणा केल्यात, नको त्या खोडून टाक. काका शनिवारी कॅसेट आणून देतोय. दोन चालतात, तिसरीची फीत अडकते, मी बघतो तिचं.

बाईंना कधी विचारणार आहेस? बरं, राहू दे.

बाबा