ईएलसीबी इथे वाचवत नाही

संपादक महाशय,

कालच्या रविवार पुरवणीतला ‘जेकब्ज लॅडर’चा लेख वाचला. वर फाकत जाणाऱ्या दोन उभ्या रॉडमधून विजेची सलग ठिणगी, म्हणजे आर्क, शिडी चढल्यासारखी वर जाते, तो हा प्रयोग. मुलांनी स्वतःच्या हाताने काही करून बघावं हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. माझा आक्षेप ‘घरात ईएलसीबी असेल तर शॉकची भीती नाही’ या एका वाक्याला आहे (ईएलसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच). हे विधान साफ चूक आहे. भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लावायला सांगणाऱ्या लेखात तर ते जीवघेणं आहे.

फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढंच ईएलसीबी बघतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. पण ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (२३० व्होल्ट जातात त्या गुंडाळीत) गेलेला करंट न्यूट्रलनेच परत येतो आणि सेकंडरी (सुमारे २००० व्होल्ट निघतात ती गुंडाळी) हे वेगळं सर्किट असतं. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचं एक टोक लोखंडी गाभ्याला जोडलेलं असतं आणि गाभा अर्थिंगला. रॉडला हात लागला की करंट हातातून छातीत, पायातून जमिनीत, अर्थिंगवाटे गाभ्यात आणि तिथून परत सेकंडरीत जातो. या सगळ्या वाटेवर ईएलसीबी कुठेच येत नाही. फेज आणि न्यूट्रल त्याच्या दृष्टीने बरोबर जुळलेले असतात.

एमसीबीवरही (करंट फार वाढला की पडणारा स्विच) भिस्त ठेवू नये. २००० व्होल्टला शरीरातून ०.१ अँपियर गेला तर होतात २०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला एक अँपियरसुद्धा नाही. घरातला मिक्सर याहून जास्त ओढतो. ०.१ अँपियर हृदय थांबवायला पुरतो, पण ६ अँपियरचा एमसीबी त्यावर पडणार नाही. लेखात ‘खबरदारी म्हणून’ १०० वॉटचा सिरीज लॅम्प (प्रायमरीच्या वाटेतच जोडलेला बल्ब) लावायला सांगितलं आहे, त्याचंही गणित करून बघावं. बल्बमधून जास्तीत जास्त ०.४३ अँपियर जातो, तो सेकंडरीला सुमारे ५० मिलिअँपियर होतो. ५० मिलिअँपियरही मारतो.

त्यात हा ट्रान्सफॉर्मर या कामाचाच नाही. हवा फुटायला साधारण दर मिलिमीटरला ३ हजार व्होल्ट लागतात. एसीच्या २००० व्होल्टचं लाटेतलं शिखर जातं २८०० पर्यंत, म्हणजे ठिणगी एक मिलिमीटरसुद्धा ओलांडत नाही. म्हणून मग लेखकाने ‘लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही रॉड क्षणभर जोडा’ असं लिहिलं. चालू २००० व्होल्टवर! लाकडात ओल असते. मूठ हातभर लांब नसते. अमेरिकेत याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळण्याच्या प्रकारात तीसहून अधिक माणसं दगावली आहेत आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली आहे. मायक्रोवेव्हमधल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा तर लेखात उल्लेखच नाही. तो सुमारे १ मायक्रोफॅरड, २१०० व्होल्टचा असतो. आतला रेझिस्टर तुटलेला असेल तर प्लग काढल्यावरही तो भरलेला राहतो. ओव्हन खोलणाऱ्याचा हात आधी तिथेच जाण्याचा धोका असतो.

जेकब्ज लॅडर करायचाच तर त्याला निऑन बोर्डाचा जुना, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर लागतो: १५ हजार व्होल्ट, ३० मिलिअँपियर. त्याच्या गाभ्यातच शंट (चुंबकीय वाट वळवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) असतात, त्यामुळे आर्क पेटल्यावर व्होल्टेज आपोआप उतरतं आणि करंट मर्यादेत राहतो. नवे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाहीत, ते बंद पडतात किंवा जळतात. १५ हजारांचं शिखर २१ हजार, म्हणून खालची फट ६ ते ७ मिलिमीटर. वर रॉड ५ ते ७ सेंटिमीटर फाकलेले. ३ मिलिमीटरची सरळ वेल्डिंगची तार, उंची ४०-४५ सेंटिमीटर. फट बदलायची ती प्लग काढून, स्विच नुसता बंद करून नव्हे.

बिघडतं ते बहुतेक वेळा खालीच. फट जास्त झाली तर आर्क पेटत नाही आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन नाहक ताणलं जातं. रॉड खाली बराच वेळ समांतर ठेवले तर आर्क तिथेच रेंगाळतो, तार लाल होते. तारेला कुठे बाक किंवा खाच असली की आर्क त्या जागी अडकतो. आर्क वर चढतो तो मुख्यतः तापलेली हवा वर जाते म्हणून, त्यामुळे छताचा पंखा चालू असला तरी खेळ संपला. तळाला प्लायवूड वापरू नये. त्यावर आधी बारीक तपकिरी रेघ उमटते, ती कोळसा होते आणि मग ठिणगी रॉड सोडून त्या रेघेवरूनच धावते. कोळसा न होणारी सिरॅमिकची टाइल घ्यावी आणि आर्कची जागा तिच्यापासून किमान १० सेंटिमीटर वर ठेवावी.

आणि हे सगळं ॲक्रिलिकच्या पेटीत. पेटीला वर भोकं हवीत, कारण आर्कमुळे ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतात. झाकण उघडताच प्रायमरी तुटेल असा लिमिट स्विच आणि बोटाने दाबून धरला तरच चालणारा पुश बटण स्विच, हे दोन्ही हवेत. ट्रान्सफॉर्मरची पेटी खऱ्या अर्थिंगला जोडलेली हवी. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची वायर नसते, ते आधी तपासावं. एवढं करूनही ३० मिलिअँपियर हा करंट घातकच. म्हणून हे काम शाळकरी मुलाचं नाही, जाणत्या माणसाने शेजारी उभं राहून करून घेण्याचंही नाही. मुलाने पेटीच्या बाहेरून बघावं.

शाळेला ठिणगीच दाखवायची असेल तर हाताने फिरवून स्थिर वीज तयार करणारं लहान विमशर्स्ट यंत्र आहे. त्याचे वीज साठवणारे लायडन जार छोटे ठेवले की ठिणगी दिसते, चटका बसतो, पण ते मेन्सला जोडलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट, लेखाशेजारच्या जाहिरातवजा चौकटीतली. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मॉड्यूलवर ‘४ लाख व्होल्ट’ लिहिलेलं असतं, ते तुम्ही तसंच छापलंत. ठिणगी एक-दोन सेंटिमीटर उडते, यावरूनच ते खोटं असल्याचं कळतं. फट वाढवली तर ते आतल्या आत फुटतं, मिनिटभर सलग चालवलं तर जळतं. त्याची ठिणगी शिडी चढण्याइतकी तापतही नाही. मुलांचे पैसे यात वाया जातात.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचा मोसम तोंडावर आहे. पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी ओव्हन खोललेला असेल. तेव्हा ईएलसीबी आणि सिरीज लॅम्पबद्दलची दुरुस्ती उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर, वाचता येईल एवढ्या टायपात छापावी आणि संकेतस्थळावरून तो लेख आजच काढावा.

– एक वाचक, मिरज