किल्ल्यावरच्या चित्रांनाही गुण मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एका ज्येष्ठ वाचकांनी खंत व्यक्त केली होती, की मिसरूड फुटलेली मुले, इतकेच नव्हे तर नोकरीधंद्याला लागलेली माणसेही हल्ली प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि सैनिक विकत आणतात, त्यांचा मूळचा रंग खरवडून काढतात, त्यांना पुन्हा रंगवतात आणि या उद्योगात रविवारच्या रविवार घालवतात. हा निव्वळ पोरखेळ असून त्यापेक्षा त्यांनी एखादी कला शिकावी, असे त्यांचे म्हणणे. पत्रलेखकांच्या वयाचा आणि कळकळीचा मान राखून मला त्यांच्या या शेवटच्या वाक्यापुरतेच लिहायचे आहे, कारण ते ज्याला पोरखेळ म्हणतात तो उद्योग मीही करतो आणि रंग, प्रमाण व हाताची शिस्त यांविषयी मला जे थोडेफार कळते, त्यातले बरेचसे त्यातूनच कळले आहे. त्याच अनुषंगाने दिवाळीत किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांपुढे, किल्ल्यावर मांडायच्या मावळ्या-गवळणींविषयी, म्हणजे ज्यांना आपण ‘चित्रे’ म्हणतो त्यांच्याविषयी, एक सूचनाही ठेवायची आहे.

मी व्यवसायाने दंततंत्रज्ञ आहे. दंतवैद्यांकडून मापे येतात आणि त्यांवरून आम्ही कवळ्या व दात तयार करतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या माझ्या बहिणीच्या घरात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर दाराबाहेर गाद्या, पुस्तके आणि फुगलेली कपाटे यांचा जो ढीग लागला, त्यात भाचीचा खेळण्यांचा डबाही होता. डबा टाकून देणेच शहाणपणाचे होते. पण ती त्याच्याजवळून हलेना, म्हणून मी तो घरी आणला. मऊ प्लॅस्टिकची बाहुली कोमट पाण्यात काही वेळ ठेवली की तिची मान सैल होते आणि डोके न फाटता निघते, हे तेव्हा पहिल्यांदा समजले. आत पुराचा गाळ बसला होता. तो धुतला, केस साबणाने धुऊन विंचरले, पण एका बाहुलीचे डोळे पुसून गेले होते आणि दुसरीचा हात कोपरापासून नव्हता. कवळी मोडली की ज्या भुकटीत द्रव मिसळून आम्ही ती सांधतो, तिच्यातूनच मी हाताचा आकार केला, घासला आणि बसवला. एकीच्या गालावर बॉलपेनच्या शाईचा जुना डाग होता. मुरुमांवर लावायचे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम त्यावर थापून बाहुली काही दिवस उन्हात ठेवल्यावर तो फिकट होत नाहीसा झाला. हेच रसायन आमच्या कवळीच्या भुकटीतही असते, त्यामुळे औषधाच्या दुकानात ते मागताना मला उगाचच घरच्यासारखे वाटले.

डोळे रंगवायला मात्र तीन आठवडे लागले आणि तिथे माझा गर्व उतरला. बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरे सोडले की बाहुली दचकल्यासारखी दिसते, कारण शांतपणे पाहणाऱ्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकत असते. ही साधी गोष्ट आरशात रोज दिसत असूनही मी कधी पाहिली नव्हती. दातांच्या छटा जुळवण्यासाठी आमच्याकडे जी पट्टी वापरतात तिच्यात सोळा छटा असतात आणि त्यांतली एकही निव्वळ पांढरी नसते. तसेच त्वचेचे आहे. कारखान्यातून येणारी बाहुली बहुधा एकाच गुलाबी रंगात ओतलेली असते. आपल्याकडच्या माणसाचा चेहरा रंगवायचा तर येलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यांपासून सुरुवात करावी लागते. हनुवटीखालच्या सावलीसाठी काळा वापरला तर ती काजळी लागल्यासारखी दिसते, तिथे बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगामध्ये किंचित अल्ट्रामरीन निळा मिसळला की सावली सावलीसारखी वाटते. कागदावर चुकलेली सावली पाहणारा खपवून घेतो. हातात घेऊन फिरवता येणाऱ्या वस्तूवर ती खपत नाही. आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सारे कागदावर असते आणि ते असावेच. परंतु गोलाईवर रंग कसा वळतो हे मुलाला शिकायचे असेल तर त्याने नाकाडोळ्यांची एखादी वस्तू हातात घेऊन रंगवून पाहिली पाहिजे.

पत्रलेखकांनी सहज होणारे काम म्हणून ज्याची संभावना केली आहे, त्यात पदार्थांची जाणही लागते. रंग लावण्याआधी खेळणे भांड्यांच्या साबणाने धुवावे लागते, कारण साच्यातून सुटावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा ओशटपणा त्यावर राहिलेला असतो. मग बारीक पॉलिशपेपर, त्यावर रंग धरावा म्हणून प्रायमरचा थर, आणि त्यानंतर ॲक्रिलिक रंगाचे पाण्याने पातळ केलेले चार-पाच हात. घाईघाईने दिलेल्या एका जाड हातात चेहऱ्याच्या सगळ्या रेघा बुजून जातात. मऊ प्लॅस्टिकवर इनॅमल म्हणजे ऑइलपेंट लावला तर तो महिनोन्महिने चिकट राहतो, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य आतून पाझरून रंगात मिसळत असते. कित्येक बाहुल्यांच्या मऊ डोक्यावरचा मूळ रंग नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने निघतो, पण तेच ॲसिटोन कडक प्लॅस्टिकच्या हातापायांवर गेले तर ते विरघळू लागतात. मी अशाने एक चांगला पाय घालवला आहे. हलणाऱ्या सांध्यांची तर वेगळीच कथा. खोबणीत बसणारा भाग आधी रंगाच्या जाडीइतका घासून घेतला नाही, तर पहिल्यांदा हात हलवताच रंगाची पापडी निघते.

आता बाहुल्या हा मुलींचा खेळ आणि पुरुषांनी त्यात रमू नये, हा त्या पत्रातला आडून आलेला सूर. अमेरिकेत १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे ‘डॉल’ घेणार नाहीत या भीतीने तिने त्याला ‘ॲक्शन फिगर’ असे नाव दिले. म्हणजे हा संकोच जुना आहे आणि कंपनीने त्यावर नावापुरता उपायही शोधला होता. पण सांगलीकराने तरी तो का बाळगावा? १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणणाऱ्या विष्णुदास भाव्यांचे नाव आपल्या नाट्यगृहाला आहे; त्याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या आणि त्या बाहुल्या शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी पुढे दुरुस्त करून प्रेक्षकांसमोर आणल्या. या दोघांच्या कामाला पोरखेळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. माझ्यासारख्याचे काम त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण जात तीच आहे.

किल्ल्यांकडे वळतो. सांगली-साताऱ्याकडे दिवाळीत दारोदारी मातीचे किल्ले होतात आणि त्यांवर मांडायच्या मावळ्यांना, गवळणींना, तोफांना आपण ‘चित्रे’ म्हणतो. पूर्वी ही चित्रे कुंभाराकडून येत. एखाद्याचे डोके उडाले तर पुढच्या वर्षी त्याला शाडूचे नवे डोके मिळे. आता बहुतेक चित्रे साच्यातली, प्लास्टरची असतात. सगळ्या मावळ्यांची एकच मिशी, एकच भगवे पागोटे, आणि दरवाजापेक्षा पहारेकरी उंच. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या आठवीतल्या एका मुलाने निराळे काहीतरी केले. त्याच्याकडे पिशवीतून मिळणारे हिरव्या प्लॅस्टिकचे दोन इंची सैनिक होते. त्यांच्या बंदुका त्याने कापून टाकल्या, खराट्याच्या काड्यांचे भाले केले, कोटाच्या गुंड्यांच्या ढाली केल्या आणि एम-सीलचे दोन्ही भाग सारखे मळून, ते घट्ट होण्याआधी, टाचणीच्या टोकाने पागोट्यांचे पीळ काढले. मी त्याला एकाच ठिकाणी मदत केली. हे सैनिक पॉलिथिनचे असतात आणि पॉलिथिनवर रंग धरत नाही, त्यामुळे पहिल्या पाच मावळ्यांचे अंगरखे दुसऱ्याच दिवशी सोलपटून निघाले होते. मग सैनिक धुऊन, पॉलिशपेपरने खरबरीत करून, त्यांवर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात दिला आणि तो वाळल्यावर रंग लावला. तो बऱ्यापैकी टिकला. बावीस मावळ्यांत त्याने एकही पागोटे दुसऱ्यासारखे केले नव्हते. महाराजांची मूर्ती मात्र त्याने कुंभाराकडून आणली आणि तिला ब्रशही लावला नाही, हे मला आवडले.

परीक्षक आले. त्यांनी किल्ल्याची उंची पाहिली, बुरूज मोजले, किल्ल्याची माहिती मुलाकडून म्हणवून घेतली आणि जाता जाता विचारले, “चित्रं कुठून आणलीस रे?” त्याने “घरीच केली,” असे सांगितले, पण त्यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. बक्षीस ज्या किल्ल्याला मिळाले तो मोठा होता आणि नीटनेटकाही होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परीक्षकांचाही दोष नाही. त्यांनी छापील रकान्यांप्रमाणे गुण दिले.

माझी सूचना या रकान्याविषयीच आहे. शंभरातले वीस गुण मुलांनी स्वतः घडवलेल्या, बदललेल्या किंवा रंगवलेल्या चित्रांसाठी ठेवावेत. जुनी, तुटकी, गेल्या वर्षीची चित्रे दुरुस्त करून वापरली असतील तर ती नव्या विकतच्या चित्रांपेक्षा वरची मानावीत. दुसरे असे, की चित्रे आणि किल्ला यांच्या प्रमाणाकडे परीक्षकांनी पाहावे. साडेपाच फूट उंचीचा माणूस दोन इंचांचा केला, तर प्रमाण एकास तेहतीस होते आणि पंधरा फुटी दरवाजा साडेपाच इंचांच्या आसपास यायला हवा. सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित येते. फक्त ते किल्ल्यावर करायचे असते, हे त्याला कोणी सांगत नाही. पालक मुलांच्या नावाने चित्रे रंगवून देतील ही शंका मला माहीत आहे. ती किल्ल्याबाबतही आहे आणि परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की खरे काय ते बाहेर येते. रंगाच्या आधी कोणता पदार्थ लावलास, एवढे विचारले तरी पुरे.

या छंदाची बाजू घेताना त्यातले धोके लपवणे योग्य होणार नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; पण तो औद्योगिक आणि वाहनांच्या रंगांना लागू नाही. म्हणून गॅरेजमधला उरलेला स्प्रे किंवा डब्याच्या तळाचा जुना ऑइलपेंट मुलांच्या वस्तूंवर वापरू नये. जुना रंग घासताना तो ओला करून घासावा आणि नाकावर मास्क असावा. पुन्हा रंगवलेली वस्तू तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये, मग रंग कितीही चांगल्या कंपनीचा असो. आमच्या घरी अशा वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत आणि कपाटाची किल्ली माझ्यापाशी असते, यावरून होणारी थट्टा मी ऐकून घेतो.

आणखी एक गोष्ट या छंदातल्या तरुणांसाठी. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे फनस्कूल या खेळणी कंपनीने जी. आय. जोचे जे पावणेचार इंची सैनिक विकले, त्यांतल्या काहींचे रंग अमेरिकेतल्या सैनिकांपेक्षा चमत्कारिकरीत्या वेगळे होते आणि आज संग्राहक ते नेमके त्यासाठी शोधतात. असा सैनिक माळ्यावर सापडला तर त्याला रंगवू नये. कंबरेतून तो दोन तुकडे झाला असेल तर बहुधा आतली रबरी रिंग तुटलेली असते. पाठीचा स्क्रू काढून तेवढ्याच मापाची रिंग बसवली की तो उभा राहतो. मला ती नळाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. बदललेले खेळणे विकायचे असेल तर तळपायावर आपली खूण आणि साल घालावे, म्हणजे पुढे कोणी ते कारखान्यातले समजून फसणार नाही.

किल्ला स्पर्धांची नियमपत्रके बहुतेक ठिकाणी दरवर्षी तीच पुन्हा छापली जातात. यंदाची छापायला जाण्यापूर्वी मंडळांनी हा एक रकाना वाढवावा. विश्रामबाग परिसरातल्या एखाद्या मंडळाला सहामाही परीक्षेनंतरच्या रविवारी मुलांना हे काम दाखवण्यासाठी माणूस हवा असेल तर मी येईन. मुलांनी घरातली तुटकी चित्रे, जुना टूथब्रश आणि रंग पुसायला फडके एवढेच आणावे.

आपला,
एक दंततंत्रज्ञ,
विश्रामबाग, सांगली