मुदतीचा अर्ज

कोल्हापूर,
११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, परवा तुम्ही फोनवर पुन्हा जजच्या परीक्षेचं काढलंत आणि मी घाईघाईत फोन ठेवला. कोर्टात आमचा नंबर जवळ आला होता. एक तर तो फॉर्म मला आत्ता भरताच येणार नाही. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. माझी सनद जुलै २०२४ची, म्हणजे अजून दीड वर्ष. पण नुसतं एवढंच कारण नाही.

पैशाचं आई विचारत नाही, डब्यात लाडू तेवढे वाढवते. ज्युनियरला शहरात २०,००० तरी द्यावेत असं बार कौन्सिलने २०२४ मध्ये कळवलंय, पण ती शिफारस. मला बारा हजार मिळतात. भागतं.

विहिरीच्या हिश्श्याचं दुसरं अपील मुंबईला हायकोर्टात होतं, तेव्हा तुम्ही मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मीने जायचात. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि नकला. परत आलात की एकच उत्तर, "बोर्ड पोचलाच नाही." म्हणजे त्या दिवसाच्या यादीत आपला नंबर आलाच नाही. सात वेळा. अपिलाच्या तारखेला पक्षकाराने हजर राहावंच लागतं असं नाही, वकील असला की चालतं, हे मला ऑफिसात बसायला लागल्यावर कळलं. तुम्हाला ते सात फेऱ्यांत कुणी सांगितलं नाही.

ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. रात्रीची गाडी वाचली, पण बोर्ड कधीकधी इथेही पोचत नाही. शुक्रवारी जतचे एक आजोबा पहाटेच्या एसटीने आले. हातात तशीच पिशवी, वर रबरबँड. "आजोबा, तुम्ही यायची गरज नव्हती," म्हटलं तर घाबरलेच, केस निकालात काढली की काय! चहा पाजून समजावावं लागलं. आता बोर्ड लागला की आदल्या संध्याकाळी सगळ्या पक्षकारांना मी फोन करते. माझे सीनियर वकील, सर, म्हणतात, त्यापेक्षा ड्राफ्टिंग शिक. तेही शिकतेय.

आणि हो, त्याच शुक्रवारी सरांनी मला कोर्टापुढे पहिल्यांदा उभं केलं. दोन आठवड्यांची मुदत मागायची होती, बस. आवाजच फुटेना. जजसाहेबांनी दोनदा विचारलं, मग दिली.

जजचं तीन वर्षं भरल्यावर बघू. तोवर तुम्हीही मुदत द्या.

पुढच्या रविवारी येते. ती पिशवी माळ्यावर असेल तर टाकू नका, मला वाचायची आहे.

तुमची,
ताई