तारवटी अंकल, तुमच्या मानकुरादाने आमची सहल तारली

प्रिय अंकल,

तुम्ही जहाजावर काम केलेले तारवटी; तोंडावर आभार मानले की "कित्याक गो बाये" म्हणत विषय मासळीवर नेता. म्हणून लिहिते आहे. नात वाचून दाखवील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

एप्रिलमध्ये मी तुमच्या बलकांवात, त्या दारापुढच्या ओसरीत, आले ती खरं तर सल्ला मागायला नाही, नवा पासपोर्ट मिरवायला. आमच्या घरातून देशाबाहेर कोणीच कधी गेलं नव्हतं. श्रीलंका ठरली होती, कारण जवळ, खिशाला झेपणारी आणि सासूबाईंना दोन्ही वेळा भात मिळेल अशी. सुट्टी जमत होती ती मेच्या शेवटच्या आठवड्यातच. डिसेंबरात ह्यांना हॉटेलातून जेवायलाही घरी येता येत नाही, आणि चवथीला घराला कुलूप लावायचा विचार आपल्याकडे कोण करतो? एजंटाने बेंटोटा आणि गॉलचं पॅकेज काढून दिलं होतं. नैऋत्य किनारा, पाच रात्री, फोटोत निळंशार पाणी. आगाऊ रक्कम दुसऱ्याच दिवशी भरायची होती.

तुम्ही फोटो बघितलेच नाहीत. "केन्ना वतात?" एवढंच विचारलंत. तारीख ऐकून म्हणालात, "वारो खंयच्यान येता तें पयलीं पळय." मग टेबलावरचा एक मानकुराद आंबा उचलून पेपरवर ठेवलात, निमुळतं टोक वर. हा जाफना. फुगीर पोटावर अंगठा टेकवलात, हे डोंगर. आणि पेल्यातलं पाणी बोटांनी डावीकडून, खालच्या अंगाने शिंपडलंत. डावी बाजू चिंब झाली, उजवीकडे एखाददुसरा थेंब. डावीकडे कोलंबो आणि गॉल, उजवीकडे त्रिंकोमाली. पेपर भिजला म्हणून आंटी ओरडल्या. आंबा तुम्ही मलाच दिलात.

खरं सांगू, शाळेत नैऋत्य मोसमी वारे पाठ केले होते, पण हे डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आपल्याकडे गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. तोच वारा मेच्या उत्तरार्धात श्रीलंकेच्या नैऋत्येला धडकलेला असतो. मधले डोंगर अडीच हजार मीटरपर्यंत चढतात आणि बराचसा पाऊस तिथेच गाळून घेतात. पलीकडे उतरतो तो कोरडा, गरम वारा. चोर्ला घाटात वायपर थांबत नाहीत आणि बेळगाव मागे टाकलं की रस्त्यावर धूळ दिसते, तसंच. त्रिंकोमालीचा मोठा पाऊस येतो ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, आपण इथे पर्यटकांची वाट बघत असतो तेव्हा. म्हणजे एकाच बेटावर दोन उलटे मोसम. एजंटाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, पण जाऊ दे.

आमच्या जाऊबाई त्याच आठवड्यात नैऋत्य किनाऱ्यावर होत्या. किनाऱ्यावर लाल बावटा, आणि पोरं खोलीत पत्ते खेळत बसलेली. आम्ही मात्र बेत बदलून त्रिंकोमालीला गेलो होतो, आणि आमचा मुलगा तेव्हा तिथल्या निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जाऊन पोवळ्यांमधून पोहत होता. काळ्या टोकाच्या पंखांचा लहानसा शार्क दिसला म्हणून ओरडत बाहेर आला, "आई, मोरी! जिवंत!" ताटात सोडून त्याने मोरी कधी पाहिलीच नव्हती. आणि एक गोष्ट तुम्ही मुद्दाम सांगितली नव्हती, असा मला संशय आहे. पहाटे सासूबाई वाळूत बसल्या होत्या आणि सूर्य समुद्रातून वर आला. सत्तर वर्षं त्यांनी तो समुद्रात बुडतानाच पाहिलेला. नमस्कार करायचा सोडून आधी ह्यांना म्हणाल्या, "अरे, हा उलटा कसा?"

गव्हाच्या जहाजावरून तुम्ही त्रिंकोमालीच्या बंदरात कितीदा उतरलात ते माहीत होतं. पण "किल्ल्यांतल्या देवळांत वच" असं तुम्ही, दर रविवारी मिसेला जाणाऱ्याने, का सांगितलंत ते तिथे गेल्यावर कळलं. फोर्ट फ्रेडरिकच्या दारात दगडावर मासे कोरलेले आहेत. आत ठिपक्यांची हरणं गाईगुरांसारखी रस्त्यात उभी असतात, गाडीने हॉर्न दिला तरी ढिम्म. कड्याच्या टोकाला कोणेश्वरम. पोर्तुगीजांनी १६२२ साली ते पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. १९५० साली विहीर खणताना पुरलेल्या मूर्ती सापडल्या, १९६३ साली देऊळ पुन्हा उभं राहिलं. आमचा मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, ही गोष्ट ऐकतच मी वाढले. इथे देव नदी ओलांडून गेला नाही, जमिनीत गेला. झाडाला नवसाचे इवले पाळणे टांगलेले होते, वाऱ्यावर हलत होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी हरणांकडे बघितलं.

आता तक्रार. उन्हाबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत! सिगिरियाच्या बाराशेच्या आसपास पायऱ्या आम्ही सकाळी दहाला चढायला घेतल्या. पाचव्या शतकातला कश्यप राजा खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधून राहिला, तो बापाला मारून भावाच्या भीतीने, असं सांगतात. त्या उन्हात मला वाटलं, भाऊ वर चढून येणारच नाही याची त्याला खात्री असणार. पुढच्या वेळी कोणी विचारायला आलं तर एवढं सांगा, सहाला निघा.

बाजारातून आंटींसाठी गोरका आणली आहे. काळी, सुकलेली, आपल्या सोलांची थोरली बहीण म्हणा ना. बांगड्याच्या आमटीत एकच तुकडा पुरे, मी दोन घातले तर ह्यांनी ताट बाजूला सारलं. रविवारी मिसेहून आलात की घेऊन येते. नकाशाला आंबा लागेल तर आता आमच्या झाडाचे संपले, फणस चालेल का?

तुमची शेजारीण