शेवटची पानं नसलेलं पुस्तक

सांगली,
रविवार रात्र

प्रिय मंदे,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. हवी तेवढी चीड, पण आधी हे वाच. अण्णांच्या ट्रंकेत 'शेन' सापडलं, आपली ती अमेरिकन वेस्टर्न कादंबरी.

हो, तेच. तुझ्या दादाने पुण्याहून रद्दीतून आणलेलं, अकरावीच्या सुट्टीत माडीवर आपल्या हातातून ओढून घेतलेलं. मी तर समजत होते, त्याच दिवशी ते बंबात गेलं. काल गावी गेले होते. जेवणं झाल्यावर अण्णांनी ट्रंक उघडायला लावली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "तो माणूस शेवटी जातो का गं, त्या पोराला सोडून?"

शेवटची पानं आपल्याकडे आलं तेव्हापासूनच नव्हती, आठवतंय ना?

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून (प्रकृती बरी आहे, साखर जरा वाढलीय) दुपारभर ते हेच वाचत बसायचे, असं वहिनी म्हणाली. पानापानावर पेन्सिलीने अर्थ लिहिलेत, शाळेत आपल्या वहीत लिहायचे तसेच. शेतकरी जो स्टॅरेट आणि त्याच्याकडे राहिलेला शेन दिवसभर कुऱ्हाडी चालवून तो जुनाट बुंधा उखडतात ना, त्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात आहे: 'विहिरीजवळची बाभूळ. मी व आबा. दोन दिवस.' मंदे, आबांचं, स्वतःच्या वडिलांचं, नाव अण्णांच्या तोंडून मी आयुष्यात चार वेळा ऐकलं असेल. आणि तो फिरता विक्रेता अवजाराचे 110 डॉलर सांगतो, शेन म्हणतो मी हेच 60 ला पाहिलंय, तिथे दोन रेघा मारून 'अडत्या सगळीकडे एकच'!

मी सांगितलं, जातो. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. राहिला असता तर त्या घराचं वाटोळं झालं असतं." म्हणजे तू जिंकलीस. कोल्हापुरात शेवट वाचून आपण आठ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो, तेव्हा तू अगदी हेच म्हणत होतीस. मला अजूनही वाटतं त्याने राहायला हवं होतं. त्या पोरासाठी, बॉबसाठी.

मग म्हणाले, "असलं आणखी आण. नुसतं ठो-ठो नको."

तेव्हापासून मला झोप नाही. हसू नकोस. शहाऐंशीव्या वर्षी माणूस एखाद्या नव्या वाटेला वळतो आणि पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे मी ठरवायचं! चुकीचं पुस्तक हातात पडलं तर 'नको, छान आहे' म्हणून बाजूला ठेवतील आणि पुन्हा मागणार नाहीत. माझे अण्णा म्हणजे तुझे सर, तुला माहीतच आहेत.

तू 'ट्रू ग्रिट' म्हणशील, हे मला इथे ऐकू येतंय. अण्णांना त्यातली मॅटी आवडेल, यात वादच नाही. चौदा वर्षांची पोरगी बापाच्या खुन्याला पकडायला फोर्ट स्मिथला येते आणि आधी काय करते, तर घोडेव्यापाऱ्याशी हिशेबावरून भांडते आणि पै न् पै वसूल करते. त्यांच्या हाताखाली शिकलेलीच वाटते! शिवाय ती सगळं म्हातारपणी सांगते, आणि म्हाताऱ्या माणसाला सांगणारा आपल्या वयाचा भेटला की बरं वाटतं. लहान आहे, 1968 चं, भाषा जुन्या वळणाची आणि स्वच्छ. कुणी नवखा माणूस विचारेल तर मी डोळे मिटून हेच देईन.

'लोनसम डव्ह' सुरुवातीलाच नको. दोन डुकरं साप खातायत, तिथून सुरू होतं ते टेक्ससच्या टोकापासून मॉन्टानापर्यंत गुरं हाकत आठशे पानांच्या वर चालतं. अण्णा आडवे होऊन पुस्तक छातीवर धरतात, त्यांच्या बरगड्या मोडतील. पण त्यातले दोघे जुने सोबती, गस आणि कॉल, त्यांना भेटायलाच हवेत. गसला दिलेला शब्द पाळायला कॉल त्याचा देह घेऊन सबंध वाट उलटी चालतो. ते वाचून तू मला रात्री अकराला फोन केला होतास आणि दोघी नुसत्या रडलो होतो. 'ब्लड मेरिडियन' मुळीच नको; मस्तकाच्या कातड्याचे पैसे मोजणारी माणसं मलाच पेलली नाहीत. 'बुचर्स क्रॉसिंग' पुढच्या वर्षी. एका खोऱ्यातले हजारो गवे मारतात, बर्फात अडकतात, परत येतात तर कातड्याला भाव नाही. कांद्यासारखं.

एक प्रश्न मात्र अण्णांनी असा विचारला की आपल्या डोक्यात तो कधी आलाच नव्हता. "तो गुरांवाला फ्लेचर म्हणतो माझी, स्टॅरेट म्हणतो माझी. पण ती जमीन त्याआधी कुणाची?" त्याचं उत्तर 'शेन'मध्ये नाही. जेम्स वेल्चच्या 'फूल्स क्रो'मध्ये आहे. वेल्च स्वतः ब्लॅकफीट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतला. 1870 च्या जानेवारीत मारायस नदीकाठी त्यांच्या झोपलेल्या छावणीवर अमेरिकी सैन्य चालून गेलं, मेल्या त्या बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. त्याआधीचा माणसांचा संसार वेल्च आतून लिहितो. ते मी देणारच आहे, तिसरं म्हणून.

आणि आता खरी अडचण. तू मागच्या दिवाळीत दिलेलं एल्मर केल्टनचं 'द टाइम इट नेव्हर रेन्ड'.

पन्नासच्या दशकातला पश्चिम टेक्ससचा दुष्काळ, वर्षामागून वर्षं. काटे जाळून निवडुंग गुरांना घालतात. केल्टनने वर्तमानपत्राचा शेतीवार्ताहर म्हणून तो दुष्काळ स्वतः पाहिला होता, म्हणून त्यात एक ओळ खोटी वाटत नाही. आणि त्यातला म्हातारा चार्ली फ्लॅग: सगळे सरकारी मदत घेतात, हा घेत नाही. मंदे, हे आबाच आहेत. बहात्तरला खडी फोडायला गेले नाहीत, बैल छावणीला दिले नाहीत. सर्ज्या दावणीला मेला. आजी गेली खडीवर, पदरात बांधून आणलेली सुकडी मी खाल्लीय, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. अण्णा त्यानंतर आबांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

पुस्तकात चार्ली मोठा माणूस आहे. अण्णांना ते वाचवेल का? रागाने मिटतील? की त्या समासातल्या बाभळीपाशी पोचलेत, तसे आणखी थोडे पुढे जातील? केल्टन चार्लीला सोपं सोडत नाही, हा मला धीर आहे. शेवटी पाऊस येतो तो लोकर कातरलेल्या शेळ्यांवर, आणि त्या गारठून मरतात. चार्लीचा हट्ट त्याच्या माणसांना किती महाग पडला तेही लिहिलंय. पण आजीसारखी बाई त्यात नाही. माझी तक्रार असेल तर ती एवढीच.

आपल्या हातातून 'शेन' घेऊन त्यांनी जीएंनी अनुवाद केलेलं 'रान' दिलं होतं, "वाचायचं तर हे वाचा" म्हणून. काल मी म्हटलं, अण्णा, तेही अमेरिकेतलंच होतं, कॉनरॅड रिक्टरचं, तीच वस्ती करणारी माणसं. म्हणाले, "ठाऊक आहे. पण त्यात झाडं होती." आपल्या उघड्या माळावर बसून त्या माणसाने आपल्याला एवढं घनदाट जंगल वाचायला दिलं, की ज्यात उन्हासाठी झाडं पाडावी लागतात. आणि आपण ती शिक्षा समजलो.

तुझा गुडघा कसा आहे? सोनूच्या लग्नाची तारीख कळव, हॉल बुक झाला का? जावईबापूंचा फोटो मिळाला, नाक छान आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने जातेय. पिशवीत दोन्ही ठेवलीत, मॅटी आणि चार्ली. त्याआधी फोन कर. सर तुझेही आहेत.

तुझीच,
सुमन

ता. क. 'शेन' मी मागितलं, तर दिलं नाही. म्हणाले, "मंदाकडे चांगली प्रत असेल, शेवटच्या पानांची झेरॉक्स मागव. मी दाभणाने शिवून टाकतो." तेवढं पाठव.