आवाज बंद केल्यावर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. टीव्हीवर शार्क पाहिल्यापासून तुझा धाकटा पोहायच्या तलावातही उतरत नाही म्हणतोस. त्याला हसू नकोस रे, मोठ्यांचंही तेच होतं, फक्त कुणी कबूल करत नाही.

परवा मीही असाच एक कार्यक्रम लावला होता. मध्येच फोन आला, म्हणून आवाज बंद केला आणि बोलता बोलता पडद्याकडे बघत राहिलो. शार्क काहीच करत नव्हता. संथपणे, आपल्याच नादात पोहत होता. फोन ठेवून आवाज लावला, तर तोच मासा एकदम खुनी! दात सगळे त्या पार्श्वसंगीताला होते.

मला वाटलं, मोठा शोध लावला. पण २०१६ सालीच शास्त्रज्ञांनी हा प्रयोग रीतसर करून ठेवलाय. शार्कची एक मिनिटाची तीच चित्रफीत, दोन हजारांवर प्रेक्षक. काहींना भेसूर संगीत, काहींना प्रसन्न, काहींना कसलंच नाही. भेसूर संगीतवाल्यांचं शार्कबद्दलचं मत सगळ्यांत वाईट निघालं.

चित्रही काही भाबडं नसतं म्हणा. मासळीचे तुकडे टाकून शार्कला बोटीजवळ बोलवायचं, दोरीला बांधलेलं आमिष ऐन वेळी ओढायचं, की जबडा बरोबर कॅमेऱ्यासमोर उघडतो. डिस्कव्हरी वाहिनीच्या 'शार्क वीक' या शार्क-सप्ताहाने तर २०१३ मध्ये कहर केला. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगालोडॉन हा महाकाय शार्क अजून जिवंत असावा, असं सांगणारा माहितीपट दाखवला, आणि त्यातले 'शास्त्रज्ञ' चक्क नट होते! मला याचा राग जास्त येतो, कारण टीव्ही नसता तर हातोडी डोक्याचा शार्क मी जन्मात पाहिला नसता.

बरं, ही भीती घरातच राहत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही वर्षांत शार्कच्या हल्ल्यांत सात जण दगावले, तेव्हा २०१४ मध्ये सरकारने किनाऱ्याजवळ आमिष लावलेले गळ टाकले. धास्ती होती मोठ्या पांढऱ्या शार्कची. १७२ शार्क गळाला लागले, बहुतेक टायगर शार्क. पांढरा एकही नाही.

माणसाला विनाकारण चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साठ-सत्तर, मृत्यू सहसा दहाच्या आत. आपण मारतो ते अंदाजे १० कोटी. पांढऱ्या शार्कची मादी वयात यायलाच तीसेक वर्षं लागतात, मग भरपाई कशी होणार? खुल्या समुद्रातले शार्क आणि रे (पाकट) मासे १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले. पण जाळ्यात गुदमरलेल्या शार्कवर कोण कार्यक्रम काढणार? त्याला कसलं संगीत लावणार?

धाकट्याला तोच कार्यक्रम पुन्हा दाखव, आवाज बंद करून. काय म्हणतो ते मला कळव.

तुझा,
अविनाश